रिकाम्या डबीची साक्ष

मी तपकिरीची एक जुनी पितळी डबी आहे, मित्रांनो. नगरच्या एका तांबटाने मला ठोकून घडवले आणि काष्टीच्या नृसिंह गुरुजींनी विकत घेतले. पुढची बावीस वर्षे मी त्यांच्या कोटाच्या खिशात काढली.

गुरुजी माझ्या झाकणावर दोन टिचक्या मारत, चिमूट घेऊन एकेका नाकपुडीत ओढत आणि मग शेजारच्यापुढे मला धरत. मला एका गोष्टीचे फार कुतूहल वाटे. बावीस वर्षांत गुरुजी एकदाही शिंकले नाहीत. शिंके तो नवखा. शुभकार्यात शिंक झाली की लोक उठून जात. तपकिरीची शिंक मात्र धरत नसत. म्हणजे कुणाचे नाक मनावर घ्यायचे, हे माझ्यावर ठरे.

एकाहत्तर सालच्या माघात गुरुजींच्या पत्नीने, सुमेधाबाईंनी, मला रिकामे करून राखेने लख्ख घासले. गुरुजींची तपकीर सुटली. टिचक्या सुटल्या नाहीत.

आठच दिवसांनी शेजारच्या मच्छिंद्रच्या मुलीची, चांगुणाची, सुपारी फुटायची होती. तिची आधीची दोन स्थळे मोडली होती. एकदा मांजर आडवे गेले, एकदा दिवा विझला. आता गुरुजींनी सुपारी हातात घेतली, तोच खुद्द मच्छिंद्र शिंकला.

नवरदेवाच्या आत्या छबूबाई यांनी पदर सावरला. "उठा. शिंक झाली."

मच्छिंद्रने मान खाली घातली. गुरुजींनी मला बाहेर काढून टिचकी मारली.

"छबूबाई, तपकिरीची शिंक धरत नाहीत. मघाशी मीच याला चिमूट दिली. नवखं नाक."

"व्हय? मग आमाला कुनी इचारलं न्हाई ते? आमाला काय नाक न्हाई?" छबूबाईंनी हात पुढे केला. "आना हिकडं."

त्यांनी झाकण उघडले. माझ्या पोटात पितळाशिवाय काही नव्हते. त्यांनी आत पाहिले, गुरुजींकडे पाहिले. मग आतल्या दाराकडे पाहिले. तिथे चांगुणा चहाचे ताट धरून उभी होती.

छबूबाईंनी दोन बोटे माझ्यात बुडवली, नाकाशी नेली आणि जोराने श्वास ओढला.

"लई कडक हाय वो, गुर्जी," झाकण घट्ट लावत त्या म्हणाल्या. "फोडा सुपारी."

गुरुजींनी मला चांगुणाच्या आहेरात घातले. आता श्रीगोंद्याला तिच्या घरी मी सुया सांभाळते. कुठे निघताना कुणी शिंकले, की छबूबाई आधी मला शोधतात.

मित्रांनो, जुन्या डब्या घासूनपुसून जपा, मोडीत घालू नका. आणि कुणी भल्या कामासाठी रिकामी डबी पुढे केलीच, तर ती चारचौघांत उपडी करून दाखवू नका. चिमूट घ्या.