काटा सत्तरवर

पंचवीस जागा, अकरा सिगार. दोन थरांच्या मध्ये देवदाराची पातळ फळी, फळीच्या कोपऱ्यात बाबांच्या अक्षरातलं एक साल – दादा जन्मला ते – आणि झाकणाच्या आतल्या बाजूला चुंबकाने चिकटलेलं, मनगटी घड्याळाएवढं एक पितळी यंत्र. पेटीतल्या हवेत ओल किती आहे ते हे यंत्र दाखवायचं. बाबा त्याला कधी आर्द्रतामापक म्हणाले नाहीत, नुसतं 'काटा' म्हणत. काटा अठ्ठावन्नवर होता. हे सगळं तिने झाकण पूर्ण उघडायच्या आत मोजलं होतं, कारण मोजत असताना माणसाला दुसरं काही करावं लागत नाही. समोर बसलेल्या दादाकडे बघावं लागत नाही, बाबा गेल्यापासूनच्या चार महिन्यांत त्यांच्या या तीन मित्रांना भेटायला आपण एकदाही का आलो नाही हेही सांगावं लागत नाही.

"माझ्या सिगारच्या कपाटातला काटा सत्तर म्हणतोय," कप्तानकाका म्हणाले, "आणि त्याच कपाटात नऊ वर्षं पडून असलेली ही पेटी म्हणते अठ्ठावन्न. एकाच जहाजावर दोन हवामानं." जहाज सोडून त्यांना पंधरा वर्षं झाली होती, पण बोलण्यातून ते अजून उतरले नव्हते. दर रविवारची बैठक त्यांच्याच घरी, या पुस्तकांच्या खोलीत भरायची.

"बारा मागे," घड्याळकाका म्हणाले. घड्याळदुरुस्तीत त्यांचे केस पिकले होते. त्यांनी यंत्र काढून उलटं केलं आणि खिशातलं भिंग डोळ्याला लावलं. "अडकला असेल. नाहीतर कुणीतरी छेडलाय. मागच्या स्क्रूची खाच खरवडलीय बघा. चुकीच्या मापाचा पेचकस."

"बाबांनीच केलं असेल," दादा म्हणाला.

"तुझा बाप? रिमोटचे सेल बदलायला मला फोन करायचा."

सगळे हसले. तीही हसली, आणि हसताना ओठ दातांना चिकटल्यासारखे झाले.

"मिठाला विचारू या," घड्याळकाका म्हणाले, आणि डॉक्टरांनी – ते दातांचे डॉक्टर – उठून स्वयंपाकघरातून झाकणाची काचेची बरणी, एक बाटलीचं बूच आणि मीठ आणलं. बुचात मीठ भरायचं, त्यावर पाण्याचे चार थेंब, मीठ ओलं झालं पाहिजे पण विरघळता कामा नये. ते बूच आणि काटा बरणीत शेजारी ठेवायचे आणि झाकण घट्ट लावायचं. काही तासांनी आतल्या हवेतली ओल पंच्याहत्तरवर येऊन थांबते. कुठल्याही गावात, कुठल्याही ऋतूत, कुणाच्याही घरचं मीठ असलं तरी पंच्याहत्तरच. हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. लोकांचे तापमापक, तराजू, दाबाची यंत्रं बरोबर आहेत की नाहीत हे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती दोन वर्षं नोकरी करत होती, आणि तिथल्या मांडणीवर अशाच मिठाच्या बरण्या ओळीने होत्या.

"पाच वाजता वाचू," घड्याळकाका म्हणाले. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. "मोजपट्टी, वाचायचं काम तुझं."

मोजपट्टी. हे नाव तिला याच माणसांनी ठेवलं होतं, सातव्या वर्षी, तिने डॉक्टरांच्या सिगारची राख फूटपट्टीने मोजली तेव्हा.

मग सिगार वाटले गेले. तिने नको म्हटलं, पण कप्तानकाकांनी ऐकलं नाही – "पेटीवर नाव कुणाचंही असो, वारस दोघं आहेत." टोकं कापली, ग्लासात दोन-दोन बोटं व्हिस्की ओतली, डॉक्टरांनी औषधाच्या ड्रॉपरने प्रत्येक ग्लासात पाण्याचे तीन थेंब सोडले. "दिवसभर लोकांना सांगतो, ओढू नका," ते म्हणाले. "रविवारी मी लोकांत मोडत नाही." काडी पेटली. आणि शांतता झाली, कारण या बैठकीचा एकच नियम होता: सिगारचा पहिला एक-तृतीयांश हिस्सा संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. मग घरात जन्म असो, मरण असो, कुणी नोकरीवरून निघालेला असो. बाबा म्हणायचे, तेवढी पंचवीस मिनिटं माणूस स्वतःच्या तावडीतून सुटतो.

ती सुटली नाही. धूर तोंडात आला तेव्हा तिला धक्का बसला तो चवीचा: तिखट नाही, कडू नाही, जुन्या पुस्तकाच्या बांधणीसारखा वास, मागून भाजलेल्या बदामाचा गोडवा, आणि व्हिस्कीचा घोट घेतल्यावर तोच गोडवा मधासारखा दाट झाला. तीस वर्षांचं क्यूबन पान. तीस वर्षांत त्याच्यातला सगळा राग निघून गेला होता. समोर दादाने डोळे मिटले होते. हे सिगार त्याच्यासाठी होते. त्याच्या जन्माच्या वर्षी घेतलेली पेटी तो पंचवीस वर्षांचा झाला की उघडायची, बापलेकांनी पहिला सिगार एकत्र ओढायचा, असं ठरलं होतं – आणि दादा पंचवीस वर्षांचा झाला तेव्हा तो दुसऱ्या गावी होता, आणि बाबा त्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर झोपले.

बरणीत काटा सगळ्यांकडे पाठ आणि खिडकीकडे तोंड करून उभा होता. तिनेच तो तसा ठेवला होता.

तीन शक्यता. पंच्याहत्तर आला तर काटा बरोबर आहे. नऊ वर्षांपूर्वीही बरोबर होता. अठ्ठावन्नवरच राहिला तर अडकलाय, जुना झालाय, कुणाचा दोष नाही. आणि त्रेसष्ट आला तर तो चालतोय, जिवंत आहे, आणि नेमका बाराने कमी सांगतोय – मागचा स्क्रू कुणी फिरवला तर सांगेल तसा.

कुणी म्हणजे… मी पंधरा वर्षांची होते. आई-बाबा दुसऱ्या दिवशी बारा दिवसांसाठी मावशीकडे जाणार होते, आतल्या खोलीत बॅगा भरल्या जात होत्या, बाबा दादाला शिकवत होते: काटा सत्तरवर ठेव, खाली गेला तर या डबीतल्या स्पंजावर थोडं पाणी सोड, बाकी काही करू नकोस. नंतर ते आत गेले आणि मी काटा झाकणावरून काढला, खिडकीजवळच्या टेबलावर नेला, मागचा स्क्रू चष्म्याच्या पेचकसाने फिरवून पाहिला. मला फक्त बघायचं होतं, काटा हलतो कसा. तो हलला. चाळीसवर गेला, नव्वदवर गेला. मग आईने हाक मारली आणि मी तो होता तिथे आणला, सत्तरवर, अगदी रेघेवर, आणि परत पेटीत चिकटवला. मला माझ्या नेमकेपणाचा अभिमान वाटला होता. त्या दिवसांत धुतलेले कपडे तीन-तीन दिवस वाळत नव्हते. खोलीतली हवा पेटीतल्या हवेपेक्षा कितीतरी ओली होती, आणि मी त्या ओल्या हवेत काट्याला सत्तर म्हणायला लावलं होतं. म्हणजे पेटीत गेल्यावर तो कमी बोलणार. कमी बोलला की राखण करणारा पाणी घालणार. सांगितल्याप्रमाणे. सत्तर होईपर्यंत.

बाराव्या दिवशी बाबांनी पेटी उघडली तेव्हा सिगारांवर पांढरी बुरशी होती. चौदा फेकावे लागले. दादा म्हणाला, काटा सत्तरच्या वर कधी गेला नाही. बाबा म्हणाले, सत्तरला बुरशी येत नाही. पाणी ओतलंस आणि मग स्पंज सुकवून काटा खाली आणलास, आता खोटंही बोलतोस. मग ते माझ्याकडे वळले, कारण घरात रोज काटा बघणारी मी होते. "आम्ही निघायच्या आदल्या दिवशी किती होता गं?"

"सत्तर," मी म्हणाले. खरंच होतं ते. काट्याला कुणी हात लावला होता का, असं कुणी विचारलं नाही.

"झालं," कप्तानकाका म्हणाले, आणि ती दचकली. पण ते फक्त पहिल्या हिश्शाबद्दल बोलत होते. तिच्या सिगारवर तीन सेंटिमीटर राख होती, न पडलेली.

"म्हाताऱ्यानं राखून ठेवलं ते बरं केलं," डॉक्टर म्हणाले. "असं पान आता मिळत नाही."

"त्यानं कुठे राखलं? मी राखलं," कप्तानकाका म्हणाले. "बुरशीच्या दुसऱ्याच दिवशी पेटी घेऊन आला. म्हणाला, घरात भरवसा राहिला नाही."

म्हणाल्यावर आपण कुणासमोर बोललो ते त्यांना कळलं, आणि त्यांनी दादाच्या ग्लासात न मागता व्हिस्की ओतली.

"असू द्या हो काका," दादा म्हणाला. तो राखेकडे बघत बोलत होता, सावकाश, जणू कितीदा तरी मनात म्हणून झालेलं. "आठ-साडेआठ वर्षं मी त्यांच्याशी भांडत राहिलो. समोर नाही, मनातच. अंघोळ करताना, गाडी चालवताना. की मी बेतानंच पाणी घातलं. मग हळूहळू वाटायला लागलं, घातलंही असेल जास्त. एकवीस वर्षांचा होतो, मित्र यायचे, लक्ष कुठे होतं. आपल्याला सोयीचं तेच आठवतं ना? शेवटी दवाखान्यात सांगून टाकलं त्यांना. बाबा, माझंच चुकलं."

"मग?" डॉक्टरांनी विचारलं.

"मान हलवली."

"हो म्हणून, का नाही म्हणून?"

"तोंडावर मास्क होता. हलली एवढं कळलं."

घड्याळकाकांनी काडी ओढली, सिगार पेटलेलाच होता तरी. तिने ग्लास उचलला आणि परत होता तिथेच, टेबलावरच्या ओल्या गोलात बरोबर बसवला. हे तिला माहीत नव्हतं. दवाखान्यात त्या दिवशी ती बाहेर औषधांच्या रांगेत उभी होती.

"एक मात्र झालं," दादा हसून म्हणाला, "तेव्हापासून कुणाची वस्तू सांभाळायला घेत नाही. घरात साधं कुंडीतलं रोपसुद्धा नाही. बायको म्हणते, आणू या. मी म्हणतो, मला नाही जमत, मरून जाईल." तो थोडा थांबला. "ती रोपाबद्दलच बोलत असते असंही नाही म्हणा."

"अरे, मुलं काय, आपोआप वाढतात," डॉक्टर म्हणाले. "माझी बघ. मी फक्त दात बघितले."

पुन्हा हसणं. दादाही हसला, आणि हसता हसता त्याने तिच्याकडे बघितलं. लहानपणी तिच्या पायात काच गेली होती तेव्हा बघायचा तसं. ठीक आहेस ना, एवढंच. आता सांगावं. एका वाक्याचं काम होतं. दादा, स्क्रू मी फिरवला. पाच शब्दही नाहीत, चार. पण वाक्य घशाशी आलं की त्याच्या मागे दुसरं उभं राहायचं: तुला खात्री आहे का? कदाचित अडकलेलाच असेल. न मोजता कशाला बोलायचं? आणि तिला कळत होतं की हे शास्त्र नाही, ही लपायची जागा आहे, नऊ वर्षं भाडं न देता वापरलेली.

दुपारी पाव आणि चीज खाल्लं. कप्तानकाका एका वादळाची गोष्ट सांगत होते, ती सगळ्यांना पाठ होती, आणि लाट दर वेळी थोडी उंच होते असं डॉक्टरांनी निदर्शनास आणलं. तिचा सिगार केव्हाच विझला होता. ती प्रयोगशाळेतल्या पहिल्या दिवसाचा विचार करत होती. तिथल्या बाईंनी तिला एक छापील तक्ता दिला होता. पहिला रकाना: यंत्र आलं तेव्हा काय दाखवत होतं. "हे आधी लिहायचं, मगच हात लावायचा," बाई म्हणाल्या होत्या. "एकदा तू ते फिरवलंस की आधी ते काय होतं, हे जगात कुणालाच कळणार नाही." तिने त्या दोन वर्षांत एकही रकाना कोरा सोडला नव्हता. पण दादाचा रकाना कुणी भरला होता? तो आधी कसा होता – मोठ्याने गाणारा, शेजाऱ्यांची मांजरं सांभाळणारा, सायकलच्या किल्ल्या, लोकांची पत्रं, सगळ्यांचं सगळं ज्याच्याकडे ठेवायला द्यायचे तो – हे आता तिच्याशिवाय कुणाला नीट आठवत होतं? आणि ती ते आठवत होती आज, आत्ता, ऊन खिडकीच्या चौकटीवरून सरकून बरणीच्या काचेपर्यंत आलं असताना.

"चला, मोजपट्टी," घड्याळकाका म्हणाले. "पाच."

दादा उठणार होता. "तूच वाच," तो परत टेकत म्हणाला. "तुझी नजर पक्की. मी आपला बघेन एक आणि सांगेन एक."

ती उठली. बरणीला हात न लावता टेबलाच्या पलीकडे, खिडकीच्या बाजूला गेली, जिथून काट्याचं तोंड दिसत होतं आणि जिथून ते फक्त तिलाच दिसणार होतं. ती कुठलाही आकडा म्हणू शकत होती. पंच्याहत्तर म्हणाली असती तर कप्तानकाकांनी नवा ग्लास भरला असता आणि दादा संध्याकाळच्या गाडीने, तो आला तसाच, परत गेला असता. अठ्ठावन्न म्हणाली असती तर सगळे एका जुन्या पितळी वस्तूवर हळहळले असते. सबंध दुपार ती अठ्ठावन्नची वाट पाहत होती, हे तिला आता अगदी स्पष्ट, थोडं लांबून, दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं दिसलं. आणि खाली वाकताना तिच्या लक्षात आलं की ती आता कशाचीच वाट पाहत नाहीये. तिने बरणी एका बाजूने टिचकी मारून हलवली, अडकलेला काटा सुटावा म्हणून नेहमी करतात तशी, आणि त्याला स्थिर होऊ दिलं.

एक गुडघा जमिनीवर टेकून तिने डोळा काट्याच्या बरोबर समोर आणला, वरून नाही, खालून नाही.

"किती गं?" दादाने विचारलं.

पाच वाजून दोन मिनिटं. "त्रेसष्ट," ती म्हणाली.