उजेड मोजणारी तबकडी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी तबकडी आहे. ताटाएवढी गोल, अर्धी काळी, अर्धी पांढरी. मधल्या भोकात दोरी ओवून मला पाण्यात सोडतात. मी किती खोल जाऊन दिसेनाशी होते, त्यावरून पाण्यात उजेड किती शिरतो याचा अंदाज बांधतात.

माझा जन्म रत्नागिरीतल्या एका पत्र्याच्या दुकानात झाला. मला घडवून घेतलं अल्काने. ती तेव्हा शिकत होती. आम्ही दोघी खाडीत हिंडायचो. तिथे भरती-ओहोटी रात्रंदिवस गाळ ढवळत असे. पाण्यात पोषण भरपूर, तरी सूक्ष्म हिरवं शेवाळ वाढत नसे. प्रवाह त्याला उजेडातून ओढून खालच्या काळोखात नेई. भरल्या घरात उपाशी, अशी त्याची गत! ते पाहून मी थक्क झाले होते.

पुढे अल्का गोंदिया जिल्ह्यात, आपल्या मुलखात, प्राध्यापक होऊन परतली. मी फडताळात पडले. माझा रंग उडाला, कडेला गंज चढला. मग २००९ साली गोंदियातल्याच प्रतापगडाजवळच्या एका गावातून रुख्मा तिला भेटायला आली. रुख्मा तिथल्या ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या, बायांच्या गटाची प्रमुख. त्यांच्या तळ्यात मासळी वाढेनाशी झाली होती. येत्या हंगामातही तसंच झालं, तर गावातली ढिवर मंडळी तळं सोडून नागपूरला बांधकामावर जाणार होती.

अल्काने मला झटकलं, पुसलं आणि सोबत घेतलं. त्या तळ्यात उतरले मात्र, वीतभर खाली जाताच मी गडप!

काठावर रुख्माचे सासरे मंगरू युरियाच्या पोत्यांपाशी बसले होते. ते म्हणाले, "म्याडम, ताट बुडवून मासा थोडाच वाढून राहिला! खत टाकल्याबिगर पाणी हिरवं होईल कसं?"

"काका, आधी एक करून पाहू," अल्का म्हणाली. तिने तळ्याचं पाणी एका पसरट घमेल्यात भरून उन्हात ठेवलं. खताचा कणही त्यात टाकला नाही.

आठवडाभरात गाळ तळाशी बसला आणि घमेल्यातलं पाणी कोवळ्या धानासारखं हिरवं झालं. मंगरूंनी ते ओंजळीत घेतलं.

"काऊन व्हं असं?" त्यांनी विचारलं.

"अन्न पाण्यात होतंच. उजेड नव्हता," अल्का म्हणाली. "हे हिरवं बारीक जीव खातात, त्यांच्यावर मासळी जगते. गाळाने उजेड अडवला की सगळेच उपाशी."

मंगरू उठले. "पोती परत नेऊन द्या," ते रुख्माला म्हणाले. "गाळ कुठून येऊन राहिला, ते पाहू."

तळ्यात येणाऱ्या नाल्याचे काठ उघडे पडले होते. बायांनी नाल्यात आडवे दगड रचले, काठावर गवत लावलं. म्हशी गाळ ढवळत, म्हणून त्यांना एकाच घाटावर उतरवायचं ठरलं, तेव्हा गुराखी चिडले. मंगरू त्यांच्याशी घरोघरी जाऊन भांडले, मग त्यांच्याच ओसरीवर चहा प्यायले.

पुढच्या हिवाळ्यात रुख्माने स्वतः मला पाण्यात सोडलं. मी खाली, आणखी खाली गेले. माझ्या अंगावर ऊन पडलं होतं! एवढ्या खोलवर मी आजवर कधीच उजळले नव्हते. भोवती हिरवे कण तरंगत होते. डोंगरावर आलेल्या सूर्याचा उजेड गिळून ते अख्खं तळं पोसत होते.

काही दिवसांनी मी पुन्हा लवकरच दिसेनाशी झाले. रुख्मा घाबरली. "बाई, गाळ आला वाटते!"

अल्काने वाकून पाहिलं आणि ती हसली. "गाळ नाही, रुख्माताई. आता हिरवळच एवढी दाटली आहे, की तिने उजेड अडवला."

मित्रांनो, तुमच्या गावच्या तळ्याकडे येणारा नाला एकदा चालत जाऊन पाहा. त्याचे काठ उघडे असतील, तर तिथे गवत लावा. रुख्माच्या जाळ्यात त्या साली रोहू असा लागला, की जाळं ओढायला मंगरूंनाही पाण्यात उतरावं लागलं.