बाहुलीच्या तोंडचं

जाईबाईला माणसं निवडायची सवय होती. ओसरीवर कांदा निवडत बसली, की हातानं मोठा, मधला, गोल्टी, चिंगळी असे ढीग पडायचे आणि तोंडानं रस्त्यावरच्या माणसांचे. न्हावऱ्याच्या अलीकडच्या त्या वस्तीवरून एसटी गाठायला निघालेला एकही जीव या निवडीतून सुटत नसे. डेअरीचे चेअरमन आनंदराव मोठ्या ढिगातले. स्वतःचा मुलगा मच्छिंद्र रांजणगावच्या कारखान्यात पाळीवर जायचा. तो मधला, पण आईच्या शब्दाबाहेर जात नाही म्हणून दोन बोटं वर. शिरूरहून सकाळच्या गाडीनं येणाऱ्या दबोराबाई मास्तरीण कुठल्या ढिगात टाकायच्या, हे मात्र जाईबाईला अजून ठरवता आलं नव्हतं.

त्या दिवशी बाई ओसरीशी थांबल्या. "आजी, जुनी चिंधी असेल तर नकुशीबरोबर पाठवाल? मुलं बाहुल्या करतायत."

"चिंध्या? आन् पाढं कवा म्हणायचं?"

"पाढे झाले की बाहुल्या."

"बाई, त्या घोड नदीची माती आणून झाली, गेरूनं भिती रंगवून झाल्या, आता बाहुल्या. आमचं लेकरू बाहुली नाचवून बोलाया लागलं, तर तुमच्या येशूला नारळ फोडते बगा."

"नारळ राहू द्या आजी," बाई हसल्या. "चिंधी तेवढी द्या."

नकुशी दाराआड उभी होती. नऊ वर्षांची, तिसरीतली. आषाढात तिची आई गेली, तेव्हापासून तिच्या तोंडून एक शब्द निघालेला नव्हता.

नाव जाईबाईनंच ठेवलेलं. पोरगी नको होती हे देवाला कळावं आणि पुढच्या खेपेला त्यानं चूक सुधारावी, एवढाच त्यात हेतू. पुढे सुनेला, हौसाला, दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा आनंदरावांच्या जीपमधून तिला दौंडच्या बाजूला तपासणीला नेलं. पोटात काय आहे ते बघायला कायद्यानं बंदी होती. पण जीप कायद्याला विचारून थोडीच सुटते? दोन्ही वेळा हौसा रिकामी होऊन परत आली. तिसऱ्या खेपेला ती जीपमध्ये बसायला तयार होईना. दुसऱ्या दिवशी उजाडता ती विहिरीत सापडली. "पाय घसरला," असं मच्छिंद्रनं पोलिसांना सांगितलं, आणि वस्तीनं माना हलवल्या.

अशा मरणाला आपल्याकडे रीत आहे. उंबऱ्यात खिळे ठोकायचे, दारापासून मोहरी सांडत जायचं, बाईची लुगडी-चोळ्या शिवेबाहेर टाकायच्या, आणि तिचं नाव म्हणून घ्यायचं नाही. नाव घेतलं की ती येते. फार तर 'गेलेली' म्हणायचं, तेही आवाज उतरवून. रीत मोठी सोयीची. नाव नाही, तर आठवण नाही. आठवण नाही, तर विचारणारंही कुणी नाही.

पण खिळ्यांना ज्याला अडवायचं असतं ते नेहमी बाहेरच असतं असं नाही. नकुशी रोज सकाळी चुलीपुढं जाऊन बसायची. पाठमोरी, मान किंचित मागं ओढलेली, जणू मागं बसून कुणीतरी तिची वेणी घट्ट धरली आहे. बराच वेळ ती तशीच बसे. मग मान सैल पडे आणि मोकळ्या, गुंतलेल्या केसांनीच ती शाळेला जाई. तेवढा वेळ जाईबाई चुलीकडं फिरकत नसे. सून गेल्यापासून तिचा सकाळचा चहा थंडच व्हायचा.

"पोरीला गेलेलीनं धरलंय," असं तिनं ठरवलं आणि नदीपलीकडून ज्ञानू भगताला सांगावा धाडला. भगतानं पोरीला पाहिलं, नाक फेंदारलं. "अवसंला मानंवर तापल्या इळ्याचा डाग द्यावा लागंल. त्याबिगार सुटायची न्हाई."

मच्छिंद्र चाचरला. "आये, लई ल्हान हाय गं ती."

"मंग म्हातारी झाल्यावर देऊ का?"

त्यानं पाळीचा डबा उचलला. वेळेवर निघून जाण्यात त्याचा हातखंडा होता.

खरी गोष्ट जाईबाईनं भगताला सांगितली नव्हती. विहिरीच्या आदल्या संध्याकाळी हौसा चुलीपुढं लेकीची वेणी घालत होती आणि जाईबाई दारात उभी राहून जे बोलली, ते नकुशीनं ऐकलं होतं. पोरगी उद्या बोलायला लागली, तर सगळ्यांत आधी काय बोलेल? डागानं तिची वाचा परत यावी, की होती-नव्हती तीही जावी? यातलं आपल्याला काय हवंय, हे जाईबाईनं स्वतःलाही कधी विचारलं नाही.

शाळेत दबोराबाईंचा शेवटचा तास वेगळा असे. त्या तासाला बाई कुणाला 'बोल' म्हणत नसत. माती मळा, रंग फासा, चिंध्या शिवा. बाहुलीला बोलावंसं वाटलं तर ती बोलेल, नाही वाटलं तर बसून राहील. एवढा एकच नियम. नकुशीची बाहुली बसून राहिली ती राहिलीच. पण ती शिवताना पोरीच्या ओठांतून बारीक गुणगुण येऊ लागली. बाईंनी ती ऐकली आणि मान वर केली नाही.

बाहुल्यांचा कार्यक्रम नेमका अवसेच्या दुपारी आला. दोन खांबांना सतरंजी बांधून पडदा केला होता. खुर्चीवर आनंदराव. बायका भिंतीशी. संध्याकाळच्या कामासाठी ज्ञानू भगत दुपारीच येऊन टेकला होता. पिशवीतून विळ्याचं टोक बाहेर दिसत होतं. पहिल्यांदा वाघ आला, बकरी आली, लोक खदखदून हसले.

मग सतरंजीवर एक बाई उगवली. हिरवं अंग, लाल बुट्ट्यांचा काठ.

भिंतीशी बसलेल्या बायकांचे पदर तोंडाला गेले. ते लुगडं सगळ्यांनी पाहिलेलं होतं. जाईबाईनं ते स्वतःच्या हातानं शिवेबाहेर टाकलं होतं. पोरीनं त्याआधीच कधीतरी त्याचा तुकडा फाडून ठेवला असावा. बाहुलीच्या पुढ्यात चिंधीची एक छोटी पोर होती, आणि बाहुली तिची वेणी घालत होती.

"हालू नको गं, भांग वाकडा हुतोय," पडद्यामागून आवाज आला. "आगं, ह्या उवा हायत का कांद्याचं बी?"

कुणीतरी फिसकन हसलं आणि तिथंच थांबलं. आवाज नकुशीचा होता. हेल हौसाचा.

"दूध पे. गुमान पे. म्हातारी कांद्यात हाय तवर पिऊन घे."

जाईबाईला पुढचं ठाऊक होतं. आता येणार. आता ते वाक्य येणार.

"आन् हे बघ," बाहुली खाली वाकली, "तुला भण यायची हाय, माजं मन सांगतंय. मी न्हाई जायाची त्या जीपमदी. आपुन दोघी तिचं नाव ठिवू. चांगलं, मनाजोगतं."

मग बाहुलीनं तोंड वळवलं, दाराकडं पाहावं तसं. आणि थांबली. छोटी पोरही थांबली.

"आली!" भगत उठला. "बगितलंत चेअरमन? गेलेली बोलली! संध्याकाळची वाट कशाला बगायची? मच्छिंद्रा, पोरगी धर. कुणीतरी जाळ करा."

मच्छिंद्रनं पडदा बाजूला सारून पोरीचा दंड धरला. नकुशी ओरडली नाही. ती फक्त आजीकडं बघत होती.

"सोड तिला," जाईबाई म्हणाली.

"आये, ती बोलली की..."

"तुझी लेक बोलली. सोत्ताच्या लेकीचा आवाज वळखंना व्हय तुला?"

"जाईबाई," भगत गुरकावला, "तुमीच बोलावलंय मला. मेल्याल्या बाईचं बोल हायत ते!"

"हायतच तिचं. रोज आयच्या म्होरं बसून लेकरू तिच्यावानी बोलाया न्हाई शिकायचं, तर काय तुझ्यावानी घुमाया शिकायचं? इळा आणलायस तर जा, बांधाला गवत हाय."

"उद्या घरात काय वंगाळ झालं, तर मला बोल लावू नगा!"

"व्हायचं ते आषाढातच झालंय, ज्ञानू."

मच्छिंद्रचा हात सुटला. वस्तीला वाटलं, संपलं. जाईबाईलाही वाटलं. तिनं पदर सावरला, उठायला जमिनीवर हात टेकला.

"आज्जे," नकुशी म्हणाली. हा आवाज कुणाचाच नव्हता, तिचा तिचाच होता. न वापरल्यानं खरखरीत झालेला. "पुढचं तुजं हाय."

दबोराबाई पुढं आल्या. "नकुशी, इथंच थांबलं तरी चालतं बरं का."

पोरीनं मान हलवली. "म्हातारीची बाहुली न्हाई केली म्या. तिचं तोंड जमंना मला."

हिरवी बाहुली अजून दाराकडं बघत होती. जाईबाई उठून घरी गेली असती, तरी तिला कुणी अडवलं नसतं. तिच्या जिभेला भिणारी माणसंच तिथं जास्त होती. ती उठली. पण घराकडं गेली नाही. सतरंजीच्या कडेला, बाहुली जिकडं बघत होती तिथं, जाऊन उभी राहिली. आणि आषाढातल्या त्या संध्याकाळच्याच आवाजात, ना कमी ना जास्त, म्हणाली,

"हौसे, उद्या जीपमदी बसायचं नसंल, तर हीर काय लांब न्हाई."

मच्छिंद्र होता तिथंच खाली बसला. नकुशीनं बाहुलीला हळूच हातातून उतरवलं आणि छातीशी धरलं.

आनंदरावांनी घसा खाकरला. "चला, झालं! घरातल्या गोष्टी घरात. पोरांनो, टाळ्या वाजवा."

टाळ्या वाजल्या नाहीत. दुसरीच्या रांगेतून आनंदरावांचीच धाकटी मुलगी उभी राहिली. शाळेत बोट वर करून उभं राहतात तशी.

"बाई, माज्या आयचीबी बाहुली करायची. ती जीपमदनं आली आन् भितीकडं त्वांड करून निजली. लई दिस निजली. ते मला येतं करायला."

"खाली बस!" आनंदराव म्हणाले.

दबोराबाईंनी चिंध्यांची पिशवी तिच्यापुढं ठेवली. "कुठल्या रंगाचं लुगडं होतं गं?"

पोरीनं भिंतीशी बसलेल्या आईकडं पाहिलं. त्या ओळीत जीपमध्ये बसून आलेल्या किती जणी होत्या, ते त्या बायकांनाच ठाऊक. एकीनंही पोरीला खाली बस म्हटलं नाही.