टिकलीखालचं बटण

१२ मार्च २००८, बुधवार. सकाळपासून कोरडं ऊन, खाडीकडून गरम वारा. गोदामाचे पत्रे दहा वाजताच तापले होते.

त्या दिवसाबद्दल मला सांगायचं आहे. मी एक बटण आहे. दाराजवळचं, दिव्याचं नव्हे, कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरचं. माझ्यावर 'कन्फर्म' लिहिलेलं आहे. मला दाबलं की मालाची ऑर्डर पक्की होते, चलान छापलं जातं आणि ट्रक फाटकाबाहेर पडतो.

मला घडवणारा घाईत होता. त्यानं मला एका चौकटीत ठेवलं, वर अक्षरं लिहिली आणि जेवायला गेला. प्रत्येक बटणाला आतून एक नाव असतं. ते बाहेर दिसत नाही, पण कॉम्प्युटर त्याच नावानं ओळखतो. माझं नाव ठेवायला त्याला सवड झाली नाही. मशीननं आपणहून दिलेलं 'कमांड सात' हेच नाव मला राहिलं. माझ्या डोक्यावर 'कॅन्सल' होता, पायाशी 'होल्ड'. रंग, माप, रूप तिघांचं सारखंच.

तिथून मी भिवंडीजवळ काल्हेरच्या या गोदामात आलो. औषधांच्या खोक्यांचं गोदाम. वरच्या माळ्यावर एक टेबल, आणि टेबलाशी चंद्राताई.

ताई कोन गावच्या. वय त्रेचाळीस. दोन रिक्षा बदलून यायच्या. नऊ वर्षं त्या रोजंदारीवर होत्या. कॉम्प्युटर त्यांना कुणी शिकवला नव्हता. त्या बघायच्या, वहीत लिहायच्या, चुकल्या की खोडून पुन्हा लिहायच्या. दिवसाला मला तीनशे वेळा दाबायच्या. माणसं मला दाबताना माझ्याकडे बघत नाहीत, पुढच्या कामाकडे बघतात. ताई बघायच्या. सकाळी आल्या की पदरानं काच पुसायच्या.

जानेवारीत त्यांनी एसटी स्टँडजवळच्या स्टॉलवरून एक मासिक आणलं. त्यासोबत सीडी होती. सीडीत माऊसच्या हालचाली टिपून ठेवणारा एक प्रोग्रॅम होता. एकदा करून दाखवा, तो तेच पुन्हापुन्हा करत राहतो. मला दाबायचं, 'नक्की?' असा प्रश्न आला की एन्टर मारायचा, पुढची ऑर्डर घ्यायची. चार सेकंदांत एक.

पण त्याला मी कुठे आहे हे सांगावं लागायचं. सांगायच्या दोन रीती होत्या. एक, जागा: डावीकडून इतका, वरून इतका. दुसरी, माझं आतलं नाव. ताईंनी पहिल्या दिवशी जागा दिली. वहीत लिहिलं, '६१२, ५४०.' आठवड्यानं प्रोग्रॅममधलं एक भिंग त्यांना सापडलं. ते माझ्यावर धरलं तर माझं नाव उमटलं. त्यांनी तेही लिहून घेतलं: 'कन्फर्मचा खरा नाव कमांड सात. जागेपरीस नावानी बोलवला तं बरा.'

मला किती बरं वाटलं सांगू! पण सुपरवायझर मनोजसाहेब मागे उभे होते.

"चालतंय ना, चंद्राताई?"

"चालतंय, पन साहेब, उद्या बटन हललं तर?"

"बटण काय म्हैस आहे, दावं सोडून जायला? चालत्या गाडीला हात लावू नका."

ताई हसल्या. ते पान तिथेच राहिलं, प्रोग्रॅममध्ये जागेचेच आकडे राहिले.

मग त्यांनी आपल्या परीनं तोड काढली. तोंड धुताना कपाळाची टिकली काढून आरशाला चिकटवायची बायकांची रीत असते. तशी एक मोठी मरून टिकली त्यांनी काचेवर, बरोबर माझ्यावर लावली. माझी बहुतेक अक्षरं तिच्याखाली गेली. नुसत्या कडा दिसत राहिल्या.

"मनोजसाहेब, मी नसले तं चालू करायच्या आधी टिकली बघा. टिकलीखाली बटन हाय ना? बस. दुसरा काय बघायचा न्हाय."

साहेबांना हे फार आवडलं. "वा! बटणाचं लग्न लावलंत की!"

मार्चच्या पहिल्या आठवड्यात हेड ऑफिसचं पत्र आलं. काल्हेरचं टेबल बंद करून काम पुण्याला न्यायचं होतं. मनोजसाहेबांनी फोनवर भांडून एक संधी मिळवली. बुधवारी हेड ऑफिसचे मितेशसाहेब बघायला येतील. तीनशे ऑर्डरी, सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच. सगळ्या गेल्या तर टेबल राहील आणि चंद्राताई कायम होतील. नाही गेल्या तर नाही. सर्टिफिकेट नसलेल्या बाईला या वयात दुसरीकडे कोण उभं करणार, हे ताईंना कुणी सांगायला नको होतं.

बुधवारी मितेशसाहेब उशिरा पोचले, काम साडेबाराला सुरू झालं. एकेचाळीस ऑर्डरी पाण्यासारख्या गेल्या. मितेशसाहेब मान डोलवत होते. आणि वीज गेली. भिवंडीला त्याचं नवल नाही. पण बॅटरीनंही दगा दिला. स्क्रीन काळी झाली.

जनरेटर लागेपर्यंत खाली ट्रकवाल्यांनी आरडाओरडा मांडला. "मॅडम, चलान दो, नहीं तो गाडी खाली करके जाता हूँ!"

"आले रे बाबा, आले," म्हणत ताई जिना उतरल्या.

कॉम्प्युटर पुन्हा जागा झाला. आमचा ऑर्डरींचा प्रोग्रॅम उघडला, आणि सगळ्यात वर एक पिवळी पट्टी आली: 'मागच्या वेळी प्रोग्रॅम नीट बंद झाला नव्हता.' पट्टीची उंची एका बटणाएवढी. तिनं आम्हा सगळ्यांना एकेक पायरी खाली ढकललं. 'होल्ड' आणखी खाली गेला. मी 'होल्ड'च्या जागी आलो. आणि माझ्या जागी, टिकलीखाली, 'कॅन्सल' येऊन बसला.

मनोजसाहेब खुर्चीवर टेकले. वाकून बघितलं. "टिकलीखाली बटण आहे. हां. साहेब, बघा आता."

मी इथे आहे, खाली! इकडे बघा, साहेब! पण बटणाला तोंड नसतं. माऊस वर आला तर रंग गडद करायचा, तेवढंच मला येतं. आणि माऊस माझ्याकडे येतच नव्हता. तो माझ्या डोक्यावर टकटक करत होता. 'नक्की?' एन्टर. 'नक्की?' एन्टर. यादीतून ऑर्डरी नाहीशा होत होत्या, अगदी पक्क्या झाल्यावर होतात तशाच. कोपऱ्यातला आकडा चढत होता.

"शंभर!" मनोजसाहेब म्हणाले. "आमच्या ताईंची करामत आहे ही."

"भारीच," मितेशसाहेब म्हणाले.

मी एकेक ऑर्डर जाताना बघितली. एकही थांबवू शकलो नाही.

ताई वर आल्या. "प्रिंटर का गप हाय?" त्यांनी विचारलं. कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं. त्यांनी नखानं टिकली उचकटली. खालची अक्षरं वाचली. त्यांनी लगेच एस्केप दाबून माऊस थांबवला.

एकशे अठ्ठ्याऐंशी कॅन्सल. एकाहत्तर बाकी.

"परत फिरवता येतील?" मितेशसाहेबांनी विचारलं.

"न्हाय. नव्यानं भरायच्या. एकेकीला तीन मिन्टं."

"मी टिकली बघितली होती, ताई," मनोजसाहेब पुटपुटले. "तुम्हीच म्हणाला होतात..."

"मीच म्हटलेलं, साहेब. तुमचा काय न्हाय त्यात."

त्यांनी वही उघडली. ते पान काढलं. प्रोग्रॅममधले जागेचे आकडे खोडले आणि तिथे 'कमांड सात' लिहिलं. पहिल्यांदाच मला कुणी नावानं हाक मारली. मी एक पायरी खाली होतो, पट्टी तशीच होती, तरी माऊस थेट माझ्यावर आला. एकाहत्तरच्या एकाहत्तर ऑर्डरी गेल्या, एकही चुकली नाही.

मग ताई कॅन्सल झालेल्या ऑर्डरी हातानं भरायला बसल्या. पाण्याची बाटली उघडलीच नाही. मनोजसाहेब नंबर वाचत होते, त्यांचा आवाज बसला होता. घड्याळाकडे कुणी बघत नव्हतं, आणि सगळ्यांना वेळ ठाऊक होती. "मीच लावली," ताई मधेच म्हणायच्या. "माझ्याच हातानी लावली." आणि पुन्हा भरायला लागायच्या.

तुमच्याकडे एवढंच मागतो: कुणाला ओळखायचं असेल तर त्याच्या जागेवर जाऊ नका. जागा एका पट्टीनं हलते. नाव विचारा, आणि खूण लावलीत तर तोंडावर लावू नका.

पाच वाजता मोजणी झाली. वीज जाण्याआधीच्या एकेचाळीस, नावानं गेलेल्या एकाहत्तर, हातानं भरलेल्या अडुसष्ट. एकूण एकशे ऐंशी. राहिल्या एकशे वीस.

३१ मार्च २००८, सोमवारी काल्हेरचं टेबल बंद झालं. चंद्राताईंचं नाव कायमच्या यादीत आलं नाही. त्यांची वही पुण्याला मागवून घेतली. तिथे मी रोज साडेनऊला सुरू होतो, 'कमांड सात' या नावानं.