फावड्यामागचा झाडू

मित्रांनो, मी एक जुनी भट्टी आहे. भाकऱ्या भाजायची नव्हे आणि लोखंड वितळवायचीही नव्हे. गॅसवर जळून घराला ऊब देणारी, तळघराच्या कोपऱ्यात उभी असलेली करड्या पत्र्याची भट्टी. अमेरिकेच्या उत्तरेला, आमच्या मिनेसोटात हिवाळा आला की घरात माझी चौकशी सुरू होते आणि उन्हाळा आला की माझ्या डोक्यावर रंगाचे रिकामे डबे ठेवतात. याचे मला वाईट वाटत नाही. मला तापायला बनवले आहे, रुसायला नाही.

माझ्या आधी या तळघरात एक बुटकी भट्टी होती. तिचा धूर विटांच्या धुराड्यातून वर छपराकडे जाई. माझे तसे नाही. माझे दोन पांढरे पाईप उत्तरेच्या भिंतीतून बाहेर निघतात, जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर. एकातून मी श्वास घेते, दुसऱ्यातून सोडते. श्वास अडला की माझ्या पोटातला एक छोटा स्विच मला लगेच विझवतो, कारण विषारी धूर घरात साचला तर झोपलेली माणसे उठायची नाहीत. थोडे थांबून मी पुन्हा पेटून पाहते. माझे सगळे शास्त्र एवढेच.

हे घर व्हर्लिन आणि आर्डिस या नवराबायकोचे. व्हर्लिन गावातल्या धान्याच्या कोठारावर कामाला होता, आता निवृत्त आहे. बोलायला अगदी कंजूष. नाताळात पाहुणे आले आणि घराच्या उबेचे कौतुक करू लागले की तो म्हणायचा, "वाईट नाही." आमच्या भागात याहून मोठी स्तुती कोणी करत नाही, म्हणून मी ती जपून ठेवली आहे.

या व्हर्लिनचे एक व्रत होते. बर्फ पडला की तो फावडे घेऊन निघे आणि अंगणातला बर्फ घराच्या भिंतींना लावून थापून बसवी. बर्फाचा जाड थर वारा अडवतो. त्याच्या आजोबांनी आणि वडिलांनी शेतावरच्या घराला हेच केले होते. "घराला गोधडी घातली," असे म्हणून तो आत येई आणि कॉफी घेऊन बसे. पाईपमधून मला त्याच्या फावड्याची थाप ऐकू यायची. मग थोड्या वेळाने दुसरा एक आवाज यायचा, हलका, खर्र खर्र असा. तो कशाचा, हे मी कधी मनावर घेतले नाही. माझा श्वास मोकळा होता, मला तेवढे पुरे होते.

मागच्या शरदात आर्डिस वारली. आणि त्या हिवाळ्यात मी बिघडले.

म्हणजे लोक तसे म्हणू लागले. मी पेटायची, पंखा फिरायचा, खोल्या जरा गरम होऊ लागायच्या आणि मध्येच मी विझायची. कधी दोन दिवस सुरळीत, कधी तासाभरात चार वेळा बंद. व्हर्लिन घरात ओव्हरकोट घालून बसायचा. शहरातून रेनीचा, त्याच्या मुलीचा फोन आला की सांगायचा, "तसं काही वाईट नाही." पण एका फोनवर त्याचे दात वाजताना तिला ऐकू आले आणि ती गाडी काढून थेट आली.

दुरुस्तीवाला बोलावला. डेल त्याचे नाव, भला माणूस. त्याने माझा फिल्टर बदलला. ज्योत लागली की नाही हे ओळखणारी माझी बारीक सळई घासून चकचकीत केली. वर जाऊन थर्मोस्टॅट पाहिला, बाहेर जाऊन पाईपची तोंडे पाहिली. त्या दिवशी वारा पडला होता आणि माझ्याच गरम श्वासाने तोंडापुढचा बर्फ वितळला होता. डॉक्टर दारात आला की पोटदुखी पळते, तशी मी त्याच्यासमोर छान चालले. तो गेला, संध्याकाळी उत्तरेचा वारा सुटला आणि मी पुन्हा विझले. दुसऱ्यांदा आला तेव्हाही तेच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा सगळा प्रकार चालला होता. मला ठाऊक होते की श्वास अडतो आहे. का अडतो, ते तळघरात उभी राहून मला तरी कसे दिसणार?

शेवटी रेनी तळघराच्या जिन्यावर बसली आणि म्हणाली, "बाबा, बस झालं आता. रविवारी माझ्याबरोबर निघायचं. घर वसंतात विकायला काढू."

"भट्टी जुनी झालीय. नवी बसवू."

"भट्टीचं नाही म्हणत मी. उद्या ही रात्रभर बंद राहिली तर? इथे तुम्हाला बघायला कोण आहे?"

"तुझी आई आहे इथे," व्हर्लिन म्हणाला. दफनभूमी त्याच्या घरापासून चालत जाण्याइतकी जवळ आहे. तरी रेनीने त्याची बॅग त्याच दिवशी भरली.

रविवारी सकाळी गाडी दारात उभी होती. व्हर्लिन म्हणाला, "पाच मिनिटं दे. घर रिकामं राहणार, गोधडी नीट घालून येतो." थाप, थाप, थाप. मी त्या वेळी पेटलेली होते आणि प्रत्येक थापेबरोबर मला धाप लागत होती. तेवढ्यात शेजारची लव्हॉन, आर्डिसची मैत्रीण, निरोपाचे म्हणून बटाटे-खिम्याचे गरम हॉटडिश घेऊन अंगणातून आली. तिचा आवाज पाईपमधून थेट माझ्या पोटात आला.

"अरे देवा! व्हर्लिन, त्या पाईपांवर काय थापतोयस?"

"थापत कुठे आहे? खालीच तर लावलाय. पाईपांच्या तोंडावर जरासा उडतो, तो वारा साफ करतो. इतकी वर्षं करतोच आहे की."

"वारा?" लव्हॉन म्हणाली. "अरे बाबा, त्या वाऱ्याचं नाव आर्डिस होतं. तू आत कॉफी प्यायला गेलास की ती मागच्या दारानं झाडू घेऊन यायची. दर वेळी! भट्टी बसवणाऱ्यानं तिला बजावलं होतं. तुला तिनं सांगितलंही होतं, तर तू म्हणालास, माझ्या बापाला शिकवतेस का?"

"मग परत का नाही बोलली?"

"म्हणायची, त्याला त्या गोधडीचा फार अभिमान आहे, असू दे. मला मेलीला वाटलं, आता तू करत असशील."

मग फावडे भिंतीला टेकवल्याचा आवाज आला, मागचे दार वाजले आणि पाठोपाठ तो जुना आवाज आला. खर्र खर्र. पण या वेळी तो फार सावकाश होता, आणि मध्ये मध्ये थांबत होता. व्हर्लिन रडत होता. त्याला रडताना या घराने कधी ऐकले नव्हते, अंत्यविधीच्या दिवशीही नाही.

माझा श्वास मोकळा झाला. मी चालू लागले आणि दिवसभर मध्येच एकदाही विझले नाही. रेनीने गाडीतली बॅग परत आत आणली, सगळ्यांनी हॉटडिश खाल्ले आणि सोमवारी ती एकटीच शहराला गेली. जाताना बजावून गेली, "बाबा, झाडू विसरू नका."

मित्रांनो, यंत्र मध्येच थांबले तर त्याला लाथ घालू नका, ते काहीतरी सांगत असते. त्याचा फिल्टर बदला, त्याच्या श्वासाची वाट मोकळी ठेवा. आणि एखादी गोष्ट वर्षानुवर्षे न कुरकुरता चालत असेल, तर ती आपोआप चालते असे समजू नका. कोण चालवते आहे ते एकदा पाहा, आणि ते माणूस असेपर्यंत त्याला तसे सांगा.

व्हर्लिन अजूनही गोधडी घालतो. पण आता फावडे ठेवल्यावर कॉफीसाठी लगेच आत येत नाही. पाईपची तोंडे झाडून झाली, की तिथे उभा राहून तो हळूच म्हणतो, "वाईट नाही, आर्डिस." ते माझ्यासाठी नाही, हे मला कळते. मी ऐकते आणि जळत राहते.