लाल हेल्मेट

“द्या ते हेल्मेट,” सुपरवायझरने हात पुढे केला. “आठवडा झाला, शिक्षा संपली तुमची.”

थोरलीने हनुवटीखालचा पट्टा आणखी आवळला.

“राहू द्या.”

“अहो, लोक हे डोक्यावरून कधी उतरतंय याची वाट बघतात.”

कारखान्यातल्या तिच्या पत्रा ठोकणाऱ्या प्रेस-मशीनला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच ठोका पडायचा, म्हणजे बोटं आत राहण्याचा प्रश्नच नाही. पण एका बटणावर चिकटपट्टी लावली की एक हात मोकळा होतो आणि काम दुप्पट. ही चिकटपट्टी सुपरवायझरच वाटायचा. तपासणीत ती थोरलीच्या मशीनवर सापडली, तेव्हा सगळ्यांत मोठ्याने ओरडलाही तोच. नियम मोडणाऱ्याने आठवडाभर लाल हेल्मेट घालायचं, ही इथली शिक्षा.

पहिल्या दिवशी तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग लक्षात आलं, फेरीवरचा सेफ्टी ऑफिसर आधी लाल डोक्यापाशी थांबतो. त्या धाकाने तिच्याकडे चिकटपट्टी घेऊन कुणी फिरकत नव्हतं, की “भराभर हात उचला” म्हणून मानगुटीवर बसत नव्हतं. ती निवांत दोन्ही हातांनी बटणं दाबत होती, आणि शेजारच्या प्रेसवर तिची धाकटी बहीण एकाच हाताने. धाकटीच्या आधी तिथे जी बाई होती, तिला आता वेणी घालायलाही लेकीला हाक मारावी लागते. शेजारी ठोका पडला की थोरलीची नजर आधी धाकटीच्या बोटांवर जायची.

“नियम मोडल्याशिवाय हेल्मेट मिळत नाही,” सुपरवायझर वैतागला.

“हे मात्र खरं.”

तेवढ्यात सेफ्टी ऑफिसर दारातून आत आला. थोरली तडक धाकटीपाशी गेली, तिचं मशीन बंद केलं आणि बटणावरची चिकटपट्टी टर्रकन ओढून वर धरली.

“साहेब, इकडे या. इथे नियम मोडलाय.”

धाकटीचा चेहरा उतरला.

“ताई, सख्खी बहीण ना गं तू?”

“म्हणूनच.”

थोरलीने आपलं हेल्मेट काढून तिच्या डोक्यावर ठेवलं आणि पट्टा नीट लावून दिला.

सुपरवायझर जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, “आणि तुमचं काय? उद्यापासून दुप्पट काम हवंय मला.”

“मग आणा की चिकटपट्टी. साहेबांच्या समोरच लावते.”

थोरलीने मोकळ्या डोक्यावरून हात फिरवला.

“लाल हेल्मेटं आणखी असतील ना तुमच्याकडे?”