तिसऱ्या बॉयलरमागचा झरोका

ब्रोनाला रॉकेलच्या वासाची शिसारी होती आणि धंदा गळ्यात पडला तो नेमका रॉकेलच्या बॉयलरचा. तिचा बाप यूनन जन्मभर टायरोन जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून घरं गरम ठेवणारे बॉयलर साफ करत फिरला. आता त्याचे गुडघे गेले. थंडी पडायच्या आत ब्रोनाच्या हातात परवान्याचं कार्ड आलं तर बापाची गिऱ्हाइकं टिकणार होती. नाही तर ती दुसरा कोणी पळवणार आणि ब्रोना पुन्हा कोंबड्यांच्या कारखान्यात आतडी ओढायला उभी राहणार. त्या वासापुढे रॉकेल परवडलं, एवढंच.

परवान्याच्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी यूनन स्वयंपाकघरातल्या बॉयलरला खेटून खुर्चीत बसला होता. जेवण झालं की तो तिथेच पेंगायचा, कपाळ दाबत उठायचा आणि वयाला शिव्या घालायचा.

"ऐक पोरी," तो म्हणाला, "पहिल्या बॉयलरचं रॉकेल फवारणारं नोझल चुकीच्या मापाचं. दुसऱ्यात पंपाचा दाब कमी. तिसऱ्यात ज्योत बघणारा डोळा काजळीनं माखलेला. तेवढं बोल नि सुट."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"जिल्ह्याला ठाऊक आहे! मर्विन दर परीक्षेला तेच बिघाड करून ठेवतो. मी तसाच पास झालो, माझ्यामागून सगळे तसेच."

ब्रोनाच्या तोंडात बटाटा तसाच फिरत राहिला. "मग मी एवढे दिवस पुस्तकात डोकं कशाला घातलं?"

"घातलंस ते चांगलं केलंस. उद्या मात्र शहाणपणा करू नकोस."

म्हणजे आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. बापाच्या तोंडून हे ऐकून तिला त्याच्याकडे बघवेना.

परीक्षा घेणारा मर्विन हा एक नमुनाच होता. रॉकेलने माखलेल्या बोटांनी तो सॉसेज रोल खायचा, मिशीतला चुरा चहात पडला तरी तसाच प्यायचा, आणि वर्गात गरजायचा, "बॉयलरच्या खोलीचा झरोका बुजवणारा माणूस खुनी! आगीला हवा मिळाली नाही की विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही. दिसला झरोका बुजलेला, की बॉयलर तिथल्या तिथे बंद. गिऱ्हाईक रडो नाही तर मरो!"

पहिले दोन बॉयलर मोठ्या शेडमध्ये होते. नोझल, दाब, ब्रोनाने सांगितलं आणि मर्विनने न बघताच मान हलवली. तिसरा आतल्या छोट्या खोलीत होता, मर्विनच्या टेबलाजवळ. दाराशी तिच्या वर्गातला कॉर्मक आपल्या पाळीची वाट बघत उभा होता.

"डोळा सांग गं लवकर," तो कुजबुजला. "मला दुपारी गुरं हलवायचीत."

तिने डोळा काढला, पुसला, परत बसवला. बॉयलर धडधडत पेटला. इथे सगळे थांबत. पण पुस्तकात पुढे लिहिलं होतं म्हणून तिने धुराड्याच्या भोकाला धूर तपासायचा छोटा हातपंप लावला आणि धूर ओढला. पंपातला पांढरा कागद काळाकुट्ट निघाला. तोवर तिचं कपाळही ठणकायला लागलं होतं.

ही ज्योत हवेवाचून घुसमटत होती. ब्रोनाने भिंतीवरून नजर फिरवली. मर्विनचा कोट खुंटीला लटकत होता, तो तिने बाजूला केला. मागे झरोका होता आणि त्यात पशुखाद्याचं पोतं ठासून कोंबलेलं होतं. तिने ते ओढलं. बुरशी, उंदराच्या लेंड्या आणि काळा चिकट लगदा तिच्या मनगटावर ओघळला. तिने पोतं लांब भिरकावलं.

"ए, ते राहू दे," मर्विन म्हणाला. "तिथून वारा येतो. माझी मान आखडते."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! ब्रोनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "खुनी कोण म्हणालात?"

"बिघाड मी ठेवतो, बाई, तू नाही. डोळा म्हण आणि पुढे हो."

"मी हा बंद करतेय."

"कर. मग आजची परीक्षा सगळ्यांचीच संपली. पुढची तारीख ख्रिसमसनंतर."

"ब्रोना, पाया पडतो तुझ्या," दारातून कॉर्मक म्हणाला. "डोळा म्हण ना!"

तिच्या डोळ्यांपुढे पट्ट्यावरून सरकत येणाऱ्या कोंबड्या आल्या. तिने बॉयलर बंद केला आणि रॉकेलचा नळही आवळला. मर्विनने ड्रॉवरमधून डोकेदुखीची गोळी काढून तोंडात टाकली.

"रोज घेता?"

"रॉकेलच्या वासानं सगळ्यांचंच दुखतं."

"आणि रविवारी, घरी दुखतं?"

मर्विनने गोळी गिळली. ड्रॉवर ढकलून बंद केला.

ती घरी पोचली तेव्हा यूनन बॉयलरशेजारी पेंगत होता. दाराच्या आवाजाने कपाळ दाबत जागा झाला. "सांगितलास ना डोळा?"

ब्रोना त्याच्या कपाळावरच्या हाताकडे बघत राहिली. मग तिने भांड्यांचं कपाट दोन्ही हातांनी भिंतीपासून ओढलं. झरोक्यात काहीतरी तपकिरी कोंबलेलं होतं. ओढून बघितलं तर तिचाच शाळेतला स्वेटर, आत आईने शिवलेलं तिचं नाव.

"तुझ्या आईला थंडी वाजायची," यूनन म्हणाला.

"आणि लोकांकडे?"

"म्हातारी माणसं गं ती. गारठा लागतो म्हणायची. गिऱ्हाईक नाराज करून चालतं का?"

"किती घरांत झरोके बुजवलेत, बाबा?"

तो आपल्या गुडघ्यांकडे बघायला लागला. कोंबड्यांच्या आतड्यांचीसुद्धा आली नव्हती एवढी किळस ब्रोनाला आपल्या बापाची आली. तिने स्वेटर त्याच्या मांडीवर टाकला, बॉयलर बंद केला, मागचं दार सताड उघडलं आणि खिळ्यावरून बापाच्या व्हॅनची किल्ली काढली.

"कार्ड आहे का तुझ्याकडे?" यूनन ओरडला. "लोकांच्या बॉयलरला हात लावलास तर पोलीस येतील!"

"बॉयलरला कोण हात लावतंय? बोळे काढायला कार्ड लागत नाही. उठा, बूट घाला. घरं तुम्ही दाखवायची."